एका श्वासाचा मासा

रील जेमतेम चाळीस सेकंदांचं असतं. कुठल्यातरी थंड देशातलं हिरवट तळं. जाड रबरी सूट घातलेला एक माणूस, हातात भाला उडवणारी लांब बंदूक. तो पाण्यावर शांत पडून राहतो, एक मोठा श्वास घेतो आणि डोकं खाली घालून आत शिरतो. पाठीवर सिलिंडर नाही. तळाशी पाणवनस्पतींच्या गर्दीत तो दगडासारखा निश्चल थांबतो. एक मोठा पाईक मासा काय आहे ते बघायला जवळ येतो. खट्. मग वर आल्यावरचा हसरा चेहरा, आणि खाली मजकूर असा की एका श्वासात एक मासा, याहून प्रामाणिक जेवण जगात नाही.

कमेंटमध्ये दोन पक्ष असतात. एक म्हणतो, बिचारा मासा. दुसरा म्हणतो, तुम्ही काल चिकन बिर्याणी खाल्लीत ना, मग गप्प बसा. दोन्ही पक्ष आपापल्या जागी थोडे बरोबर असतात आणि तिथेच थांबतात. मला मात्र त्या मजकुरातला ‘प्रामाणिक’ हा शब्द सोडत नाही. एखादी गोष्ट अवघड करून, स्वतःचा जीव थोडा पणाला लावून केली, की ती अधिक योग्य होते का? मारण्याच्या बाबतीत तरी?

हा प्रश्न माझ्यासाठी नुसता स्क्रीनवरचा नाही. मी उर्शाचा. उर्से म्हटलं की बहुतेकांना एक्सप्रेसवेचा टोलनाका आठवतो, पण आमच्या बाजूने पवना वाहते आणि नदीच्या वरच्या अंगाला पवना धरणाचं पाणी पसरलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी मी गोव्यात श्वास रोखून पाण्याखाली जायचा छोटा कोर्स केला. माझा मावसभाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याने यंदा ऑनलाइन भाल्याची बंदूक मागवली. म्हणाला, “दादा, थंडीत धरणाचं पाणी जरा निवळतं. मी खाली जातो, तू फक्त वर थांब.” या खेळाचा पहिला नियमच हा आहे की एक खाली, एक वर. वरचा माणूस नसेल तर खाली जायचं नाही. म्हणजे त्याच्या शिकारीला माझा होकार लागणार होता. तेव्हा उत्तर देणं भाग होतं.

हे तळं कोणाचं

सुरुवात पाण्यापासूनच करायला हवी, कारण रीलमधलं तळं आणि आमचं तळं यांत फरक आहे. मावळात मोठी नैसर्गिक सरोवरं नाहीत. आम्ही ज्यांना लेक म्हणतो आणि ज्यांच्या काठी वीकेंडला तंबू लागतात ती सगळी धरणं आहेत. लोणावळ्याचं वळवण धरण टाटांच्या खोपोली वीजकेंद्रासाठी बांधलं गेलं. ते केंद्र १९१५ साली सुरू झालं. शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरी धरण झालंच. पवना धरण १९७२ च्या सुमारास पुरं झालं. साठा साडेआठ टीएमसीच्या आसपास, आणि पिंपरी-चिंचवडची तहान त्यावर भागते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर वर येतं, लोक दर्शनाला जातात, पावसाळ्यात ते पुन्हा बुडतं. याच धरणातून शहराकडे बंद जलवाहिनी नेण्याला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ एक्सप्रेसवेवर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. बऊर उर्शापासून जवळच आहे.

म्हणजे इथे भाला घेऊन खाली जाणारा माणूस कुठल्या अस्पर्श निसर्गात उतरत नाही. तो कुणाच्या तरी बुडालेल्या खाचरांवरून पोहत असतो. शिवाय पाण्यातला मासाही मोकळा नसतो. राज्यातल्या बहुतेक जलाशयांत मासेमारीचा हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे जातो. ते पैसे भरतात, मत्स्यबीज सोडतात, पहाटे थंडीत होडीवर जाऊन जाळी ओढतात. आपण रविवारी छंद म्हणून त्यातली मोठी कटला मारली, तर ती कितीही अवघड श्वासात मारलेली असो, आधी ती कुणाची होती हा प्रश्न येतो. चोराने भिंत फार उंच होती असं सांगितलं म्हणून चोरी माफ होत नाही.

हा मुद्दा सोपा आहे आणि त्यावर उपायही आहे. विचारायचं, परवानगी घ्यायची. पण समजा परवानगी मिळाली. मग उरतो तो खरा प्रश्न.

बरोबरीची लढाई

भाल्याच्या बाजूने सगळ्यात आधी सांगितलं जातं ते असं की ही बरोबरीची लढाई आहे. जाळं हजारो मासे एकदम उचलतं, जिलेटिनचे तोटे डोहच्या डोह रिकामा करतात, वीजतारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणारेही आहेत. त्यापुढे एक श्वास घेऊन माशाच्या घरी जाणारा माणूस किती सभ्य वाटतो. स्पॅनिश विचारवंत होसे ओर्तेगा इ गासेत याने १९४० च्या दशकात शिकारीवर लिहिताना हेच सूत्र मांडलं होतं. माणसाची हत्यारं जसजशी ताकदवान झाली तसतसं शिकाऱ्याने स्वतःवर बंधनं घालून घेतली, कारण प्राण्याला निसटायची संधीच नसेल तर ती शिकार उरत नाही, कत्तल होते.

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायका या बंधनाचं जिवंत उदाहरण आहेत. पिढ्यानपिढ्या त्या सिलिंडरशिवाय समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले, समुद्री वनस्पती काढतात. त्यांतल्या कितीतरी आज साठी-सत्तरीच्या आहेत. युनेस्कोने २०१६ साली त्यांच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. सिलिंडर मिळत नाहीत म्हणून त्या तसं करतात असं नाही. सिलिंडर घेतला तर समुद्र लवकर संपेल हे त्यांना ठाऊक आहे. अनेक देशांच्या कायद्यातही सिलिंडर लावून भाल्याने मासे मारायला बंदी आहे, ती याच कारणाने.

पण हेन्योंचं उदाहरण नीट पाहिलं तर त्यात ‘बरोबरीची लढाई’ कुठेच नाही. शिंपला कुणाशी लढतो? त्यांचा नियम समुद्र उरावा म्हणून आहे, स्वतःला शूर वाटावं म्हणून नाही. आणि श्वासाच्या मर्यादेवरच त्या थांबत नाहीत. कुठल्या दिवशी, कुठल्या हंगामात, काय काढायचं आणि काय नाही, हे गावच्या संस्थेत बसून ठरतं. लढाई बरोबरीची व्हायला दोन्ही बाजूंनी मैदानात यायला होकार द्यावा लागतो. माशाने तो दिलेला नाही. मी एका श्वासावर गेलो ही माझी अट आहे, मीच घातलेली आणि मलाच माहीत असलेली. माशाच्या बाजूने पाहिलं तर एक मोठा प्राणी आला आणि लोखंड घुसलं, एवढंच घडलेलं असतं.

म्हणून ‘बरोबरी’ हा शब्द मी सोडून देतो. ‘मर्यादा’ हा मात्र ठेवतो.

निवडून मारणं

दुसरा युक्तिवाद जास्त दमदार आहे. भाला चालवणारा आधी बघतो, मग मारतो. कुठला मासा, केवढा, नर की मादी, हे त्याला ठरवता येतं. जाळ्याला ते जमत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या विनेबेगो सरोवरात फेब्रुवारीत बर्फाला भोक पाडून स्टर्जन मासा भाल्याने मारतात. मारलेला प्रत्येक मासा नोंदणी केंद्रावर न्यावा लागतो, माद्यांची संख्या मोजली जाते आणि ठरलेला आकडा भरला की हंगाम बंद होतो, मग तुम्ही थंडीत दिवसभर भोकापाशी बसून काही न मिळता परतलेले असा. आपल्याकडे याच धर्तीवर विचार करता येईल. चिलापी, म्हणजे तिलापिया, हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि आता कितीतरी नद्या-तळ्यांत बोकाळला आहे. निवडून फक्त चिलापीच मारली तर भाला उपकारकच ठरेल.

इथे मला आमच्याकडची खरी भाल्याची मासेमारी आठवते. तिच्यात सूट नाही, बंदूक नाही, बुडीही नाही. मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढे लाल पाण्याने भरले, की नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध चढायला लागतात. ओढ्यातून, पाटातून, थेट भातखाचरांपर्यंत. अंडी घालायला. हे चढणीचे मासे. घाटाखाली याच हंगामाला वलगण म्हणतात. रात्री बॅटरी, कोयता, काठी, टोकदार सळी, हाताला येईल ते घेऊन लोक बांधावर उभे राहतात. पाणी घोट्याएवढं असतं. पाठ वर काढून सळसळत जाणारा मासा दिसला की घाव.

मामांबरोबर मी बऱ्याच वेळा गेलोय. एकदा मी त्यांना विचारलं, “मामा, पण या सगळ्या गाभोळीच्या माद्या असतात ना? मग यांनाच मारायचं म्हणजे…”

मामांनी काही मनाला लावून घेतलं नाही. “चढणीला येतं ते समदं गाभोळीचंच असतंय. त्या चुकीचं हाय म्हणशील तर म्हण. पर आमी हाताला घावतील तेवढं दोन-चार घ्यायचो. बाकीचं वर जायचं. आता बघ, ओढ्याच्या तोंडालाच जाळं आडवं लावत्यात. एकबी वर जात न्हाई. आन् वर जाऊन तरी काय करील? खाचरांत प्लॉट पडल्यात, भिताडं घातल्यात.”

या उत्तरात मला जे सापडलं ते पुस्तकात सापडलं नव्हतं. मामांनी गाभोळीच्या मादीला मारण्याचं समर्थन केलं नाही. त्यांनी प्रश्नाची जागा बदलली. एक मासा मारणं आणि माशांची वाट बंद करणं या दोन वेगळ्या प्रतीच्या गोष्टी आहेत, असं ते सांगत होते. कोयता घेऊन उभा असलेला माणूस वाटेवर असतो. तो चुकतो, दमतो, त्याला झोप येते, आणि वाट चालू राहते. आडवं जाळं दमत नाही. आणि ओढ्यावर घातलेली भिंत तर जाळ्याहूनही पक्की. ती बांधणाऱ्याने एकही मासा मारलेला नसतो. त्याला माशाचं नावही माहीत नसतं.

निवडून मारण्याचा गुण खरा आहे, पण निवड कुठल्या ज्ञानावर केली यावर त्याची किंमत ठरते. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर समुद्रातली यांत्रिक मासेमारी ६१ दिवस बंद असते, हे सगळ्यांना माहीत असतं, कारण बाजारात पापलेट महागतं. ओढ्यातल्या माशालाही तेच महिने हवे असतात. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींना मासे मारू नयेत आणि विकूही नयेत अशी आज्ञा कोरलेली आहे. बावीसशे वर्षांपूर्वी ‘केव्हा नाही’ हे सांगावंसं वाटलं होतं. आपण श्रावण पाळतो, पण श्रावण लागेपर्यंत चढण बहुतेक उरकलेली असते. माशाच्या दृष्टीने आपला उपास थोडा उशिरा सुरू होतो.

वेदना आणि धोका

तिसरा युक्तिवाद मरणाच्या पद्धतीचा. माशाला दुखतं का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि अ‍ॅसिटिक आम्ल टोचून पाहिलं. ते मासे डुलत राहिले, काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले, आणि बराच वेळ खाण्याकडे फिरकले नाहीत. दुसरी बाजू म्हणते की माशांच्या मेंदूत माणसासारखा बाह्यक भाग नाही, तेव्हा याला वेदना म्हणता येणार नाही. मला वाटतं, खात्री नसेल तेव्हा दुखत असेल असं धरून वागावं. चूक निघालीच तर त्यात फारसं नुकसान नाही. आणि तसं धरलं तर मेंदूत नेमका बसलेला भाला हा जाळ्यात गुदमरून किंवा टोपलीत तडफडून मरण्यापेक्षा दयाळूच. अट एकच, तो नेमका बसला पाहिजे. निसटलेला जखमी मासा रीलमध्ये दिसत नाही.

चौथा युक्तिवाद तरुण पोरांना सगळ्यात जास्त आवडतो. मी जीव धोक्यात घालतो, म्हणजे मी किंमत मोजतो. हा मला सगळ्यात कच्चा वाटतो. एक तर माझ्या धोक्याने माशाच्या पदरात काही पडत नाही. दुसरं म्हणजे धोका कधीच फक्त आपला नसतो. मावळात राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. अशा प्रत्येक वेळी लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची पोरं दोर, लाइफ जॅकेट घेऊन उतरतात, अंधार पडेपर्यंत शोधतात, सकाळी पुन्हा येतात. कुणी नोकरीवरून सुटी टाकून आलेला असतो. ‘माझा जीव, माझी मर्जी’ म्हणणाऱ्याने आपल्याला शोधायला कोण उतरणार आहे, त्या माणसाचा विचार केलेला नसतो.

वाचवणाऱ्यांची गोष्ट

मग मासा न मारणारे आपोआप चांगले का? इथे लोणावळ्याच्या पाण्याचीच एक गोष्ट सांगायला हवी.

दख्खनचा महाशीर हा आमच्या नद्यांचा राजा. कर्नल साइक्स याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं आणि शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हा इथला बोलीतला शब्द घातला. मोठ्या वजनाचा, सोनेरी खवल्यांचा, स्वच्छ वाहतं पाणी मागणारा मासा. महाड तालुक्यात वाळणकोंड इथे काळ नदीच्या डोहात वरदायिनी देवीचे म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. देहू-आळंदीच्या डोहांतही अशीच श्रद्धेची राखण होती. ही मर्यादा श्वासाची नाही, देवाची. मासा हाताएवढ्या अंतरावर असतो, मारणं अगदी सोपं असतं, आणि तरी मारत नाहीत. मला ही मर्यादा हेन्योंच्या जवळची वाटते. पण आज आळंदीच्या इंद्रायणीवर फेस तरंगतो, आणि पवना-इंद्रायणीत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. देवाच्या माशाला भाला लागला नाही, सांडपाणी लागलं.

धरणांनी आणि प्रदूषणाने महाशीर कमी होत गेला तेव्हा लोणावळ्याला वळवणच्या काठी त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. १९७० च्या दशकापासून टाटांच्या केंद्रात लाखो पिल्लं तयार झाली आणि देशभरच्या नद्या-तलावांत सोडली गेली. चांगलं काम, चांगल्या हेतूने. ही पिल्लं कावेरीतही गेली. तिथे कावेरीचा स्वतःचा, जगात दुसरीकडे न सापडणारा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर होता. पुढे काही वर्षांत संशोधकांच्या लक्षात आलं की आपला निळसर परांचा खुद्री तिथे वाढत चाललाय आणि कावेरीचा मूळ मासा नाहीसा होतोय. धरणं, वाळूउपसा, सुरुंग ही कारणंही होतीच, पण बाहेरून आलेला भाऊबंद हे एक मोठं कारण ठरलं. २०१८ साली कावेरीचा महाशीर अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. विशेष म्हणजे हा बदल ज्या नोंदींवरून सिद्ध झाला त्या गळाने मासा धरून, मोजून, परत सोडणाऱ्या हौशी लोकांच्या होत्या.

म्हणजे पिल्लं सोडणाऱ्यांनी नकळत नुकसान केलं आणि गळ टाकणाऱ्यांनी ते उघडकीला आणलं. यातून ‘मारा, काही हरकत नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच, की हात स्वच्छ असणं आणि परिणाम चांगला होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या चिलापीला मी मघाशी सहज ‘नकोसा’ म्हटलं, तिच्याबद्दलही जरा जपून बोललं पाहिजे. कावेरीत आमचा लाडका खुद्रीच नकोसा आहे.

मावसभावाला दिलेलं उत्तर

मी भावाला तीन अटी सांगितल्या. पहिली, ठेका असलेल्या संस्थेच्या लोकांना आधी विचारायचं, आणि धरणाच्या भागात उतरायला मनाई असेल तर विषय संपला. दुसरी, मिरगापासून पाऊस ओसरेपर्यंत भाला कपाटात, आणि एरवीही नीट ओळखता येईल तोच मासा. शंका आली की हात वर. तिसरी, कॅमेरा न्यायचा नाही.

पहिल्या दोन त्याने लगेच मान्य केल्या. तिसरीवर तो थबकला. म्हणाला, “मग जायचं कशाला, दादा?”

तो चिडून बोलला नव्हता, खरंच विचारत होता. मी त्याला म्हटलं, मलाही तेच विचारायचंय. कोणी बघणार नसेल, लाइक येणार नसतील, तरीही तुला तो मासा हवा असेल तर चल, मी वर थांबतो. त्याने अजून कळवलेलं नाही. बंदूक खोक्यात आहे.

ती अट मी लाइक आवडत नाहीत म्हणून घातली नव्हती. तिचं कारण शरीराच्या कामकाजात आहे, आणि कोर्समध्ये शिकलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच होती.

धोक्याची घंटा

थंड पाणी चेहऱ्याला लागलं की हृदयाचे ठोके मंदावतात, हातापायांकडचं रक्त छातीकडे आणि मेंदूकडे वळतं, प्लीहा आकसून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंडोनेशियातल्या बजाऊ या बुडीमार लोकांची प्लीहा शेजारच्या शेतकरी समाजापेक्षा सुमारे निम्म्याने मोठी आढळली. सील, देवमासा यांच्यात असलेली ही व्यवस्था थोडीफार आपल्या सगळ्यांत आहे.

पण श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तो घंटा वाजवतो. छाती आवळते, पोट उचक्या देतं. तेव्हा ऑक्सिजन अजून बराच शिल्लक असतो. ही घंटा म्हणजे धोका नाही, धोक्याच्या आधीची सूचना आहे. आता गंमत अशी, की खाली जाण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेतले तर ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड निघून जातो. घंटा उशिरा वाजते, कधी वाजतच नाही. माणसाला वाटतं, वा, आज काय दम आहे! दहा मीटरवर दाब दुप्पट असल्यामुळे उरलासुरला ऑक्सिजनही मेंदूला पुरतो. वर येताना दाब झपाट्याने उतरतो, त्याबरोबर तोही उतरतो, आणि बहुतेक लोक शुद्ध हरपतात ते शेवटच्या काही मीटरांत, पृष्ठभाग दिसत असताना. त्रास होत नाही. फक्त दिवा जातो. समोर मोठा मासा असेल, वर कॅमेरा असेल, तर घंटा ऐकू आली तरी माणूस आणखी पाच सेकंद थांबतो. तेवढे पुरतात.

म्हणून श्वासाची मर्यादा आपोआप कुणाला प्रामाणिक करत नाही. ती फसवता येते, आणि तीही जास्त मोठ्याने श्वास घेऊन, जणू आपण जास्त जिवंत आहोत असं वाटत असताना. आपल्या बाकीच्या मर्यादांचंही असंच होतं. ओढ्यात मासे कमी दिसणं ही घंटा होती. आपण बाजारातून आंध्रचा राहू आणला आणि ती ऐकू यायची बंद झाली. नदीला वास येणं ही घंटा होती. आपण धरणातून थेट पाइप टाकायचं ठरवलं, म्हणजे नदी मध्ये येणारच नाही. यातला कोणीही मासा मारायला निघालेला नव्हता. फक्त प्रत्येकाने आपापली घंटा थोडी उशिरावर टाकली.

माझं उत्तर विचाराल तर ते असं. अवघड करून मारल्याने मारणं योग्य होत नाही, आणि न मारल्याने आपण निर्दोष होत नाही. मारायचंच असेल तर तीन गोष्टी बघाव्यात: ते कुणाच्या वाटणीचं आहे, त्याची वाट मोकळी राहते का, आणि आपली घंटा आपल्याला अजून ऐकू येते का. कोर्समध्ये शिकवणारा माणूस किती खोल गेलात हे कधी विचारायचा नाही. पहिली उचकी येताच वळलात का, एवढंच विचारायचा. मी कधीकधी तळाला हात न लावताच परत यायचो, आणि तो वहीत बरोबरची खूण करायचा.